बाथरूममध्ये पाणी मुरतंय

ता. ९ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अगं, तुझा फोन वाजला की आई शेजारी येऊन बसतात. एरवी त्यांना हाका मारून घसा बसतो, पण माझी तक्रार मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू जाते. आणि आजची तक्रार त्यांच्या लाडक्या लेकाचीच आहे. तेव्हा हे पत्र एकटीने वाच आणि फाडून टाक.

आई आमच्या बाथरूममध्ये ओल्या फरशीवरून घसरल्या, खुबा मोडला आणि दवाखान्यातून थेट तुझ्याकडे आल्या. त्या दिवसापासून तुझ्या दादाच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय, की आई परत यायच्या आत ती फरशी दिसेनाशी करायची. इथवर माझी ना नव्हती. मला वाटलं, खरखरीत फरशी बसवून घेतील. पण तू आपल्या भावाला ओळखतेस. दिवसभर कचेरीत कागदांना टाचण्या मारणारा माणूस घरी आला की त्याच्या हातांना खाज सुटते. शेजारीण परवा म्हणाली की तुमचे मिस्टर भारीच उद्योगी. मी म्हटलं, हो ना, नसत्या उद्योगांचे पती आहेत, म्हणून तर मी त्यांना उद्योगपती म्हणते.

तर उद्योगपती दुकानात गेले आणि लाकडी जमीन घेऊन आले. बाथरूमसाठी लाकूड! मी विचारलं की पाण्यात ते कुजणार नाही का. त्यावर कीव आल्यासारखं बघून म्हणाले की ही साधी जमीन नव्हे, दुकानदाराने स्वतः सांगितलंय, ही फ्लोटिंग आहे, म्हणजे तरंगती. जी तरंगते तिला पाण्याची कसली भीती, होडी लाकडाचीच असते ना? मी गप्प बसले, कारण त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ असेल हे मलाही ठाऊक नव्हतं.

आता घराची अवस्था ऐक, पण जेवण झालं असेल तर जिरू दे आधी. कमोड उपटून गॅलरीत ठेवलाय. त्याच्या बुडाला पिवळा चिकट थर आहे आणि त्यात केस अडकलेत. खालच्या भोकात यांनी माझं भांडी पुसायचं फडकं कोंबलं, ते आत घसरलं आणि सगळं घर गटारासारखं घमघमलं. जेवणाच्या टेबलावर करवत पडलेली असते आणि घासाघासाला भुसा लागतो. आंघोळीला शेजारणीकडे जाते, तर तिच्याकडच्या जाळीवर साबणाचा बुळबुळीत गोळा साचलेला. शी! मी डोळे मिटून दोन तांबे ओतते आणि पळते. शाळेत तू मला नाकाडी म्हणायचीस, कुठला वास मला सहन व्हायचा नाही म्हणून. मग असं नाक असलेली मुलगी हट्टाने भावजय करून या घरात कशाला आणलीस गं?

आईंना यातलं काही सांगू नकोस. कळावे. लोभ आहेच, इथला वास तिथवर पोचला तरी तो पातळ होऊ देऊ नये ही विनंती.

तुझी,
नाकाडी

ता. १८ जून

सौ. वहिनीसाहेब यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, शाळेतल्या मैत्रिणीचं पत्र आहे. खोटं काय त्यात? आणि भावजय करून आणल्याबद्दल मला दोष देऊ नकोस. दादाने तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू आमच्या घरातल्या सुरईला नाक लावून पाणी शिळं आहे असं म्हणत होतीस. तरी तो हो म्हणाला. मग आता त्याची लाकडं सोस.

पण वहिनी, जमीन कसली का असेना, लवकर होऊ दे. आईची कुरकुर नाही, तेच मला टोचतं. डॉक्टरांनी बजावलंय म्हणून आमच्या बाथरूमची कडी काढून टाकलीय आणि आई आत असली की मी तिच्याबरोबर आत उभी असते. मी तिची सख्खी मुलगी, तरी ती भिंतीकडे तोंड करून बसते. अंगावर पाणी घेते तेही चोरट्यासारखं. जिने मला न्हाऊमाखू घातलं तिला माझ्यासमोर उघडं व्हायला लागतंय, आणि त्याची तिला इतकी लाज वाटते की माझीच नजर फरशीला खिळते. हल्ली तिने पाणी पिणं सोडलंय. ग्लासला ओठ लावते आणि ठेवून देते. प्यायलं तर जावं लागेल, गेली तर मी मागोमाग येणार. जीभ कोरडी पडून बोलताना टाळ्याला चिकटते तिची.

काल मी जरा रागावलेच. तर म्हणाली की मला दुसरं काही नको, आपल्या घरच्या बाथरूमला आतून कडी लावून एकटीने अंघोळ करायची आहे, एवढं झालं की मी सुटले. मग विचारलं, त्याची जमीन झाली का. रोज विचारते.

दादाला म्हणावं, हात चालव. आणि तू नाक मुरडणं जरा आवर. लोभ वाढता ठेव, वास नको.

तुझी,
टकळी (तुम्ही मंडळींनी ठेवलेलं नाव, अजून चालू आहे)

ता. २० जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

घे, तोंडातून काढायला जड जातंय, पण लिहिते. जमीन दिसायला देखणी झालीय. मधाच्या रंगाच्या फळ्या, एकमेकींच्या खाचेत टकटक बसवलेल्या, खाली फोमची पातळ घडी. खिळा नाही, डिंक नाही. जमिनीची उंची वाढली म्हणून दार खालून रंधून घेतलं. भिंतीलगत चारी बाजूंनी बोटभर फट सोडायची असते म्हणे, लाकडाला फुगायला जागा. पण ती फट यांच्या डोळ्यांना खुपली, म्हणून पांढरी लांबी, ती भिंतीची पुट्टी गं, दाबून दाबून भरली. कमोड जागेवर गेला. त्याचं बूड मी स्वतः घासलं आणि नंतर दोन दिवस माझ्या हाताने मला जेवण गेलं नाही.

तू आईंना दारातूनच सोडून गेलीस आणि तासाभरात त्या उठल्या. दाराशी चपला काढल्या, अनवाणी आत गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. आम्ही दोघं श्वास रोखून. त्या म्हणाल्या की ही पायाला चावत नाही. मग आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि आतून कडी लावली. ती कडी लागल्याचा आवाज आला ना, तुझा दादा तिथेच स्टुलावर बसला आणि डोळे पुसायला लागला.

आता आई दोन दोन ग्लास पाणी पितात. उद्योगपतींची छाती अशी फुगलीय की दारातून आडवं व्हावं लागतं. परवा स्वयंपाकघरातही लाकूड टाकू म्हणाले. मी लाटण्याकडे नुसतं पाहिलं.

लोभ असावा. नजर न लागो असंही तुझ्या वाटचं म्हणून ठेव.

तुझी,
नाकाडी

ता. ६ ऑगस्ट

सौ. वहिनीसाहेब यांस,
स. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकायला मी मोकळी झाले, म्हणून आज निवांत लिहितेय. आईचा फोनवरचा आवाज ऐकून माझी निम्मी काळजी गेली. अंघोळ कशी होते विचारलं तर म्हणाली, राजेशाही. आमच्याकडे आम्ही कडी परत बसवली, तर आमचे हे पहिल्याच दिवशी आत अडकल्यासारखे ओरडले. सवय मोडली त्यांची.

आईने माझ्याकडचे जुने टॉवेल मागितलेत, जाडे, पाणी शोषणारे. तुमच्याकडे टॉवेलांचा दुष्काळ पडलाय का? मला वाटलं, गुडघ्याला शेकायला हवे असतील. पार्सल केलंय. तुला सांगू नकोस म्हणाली होती, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

लोभ आहे तसा राहो.

टकळी

ता. २९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

टॉवेल मिळाले असतील, मला दिसले नाहीत. मला सध्या काही दिसत नाही, नुसता वास येतो.

अगं, काय सांगू तुला. पहिल्यांदा वाटलं, कुठे उंदीर मेला असेल. सगळी कपाटं ओढली. मग कळलं की तो बाथरूममधून येतोय. ओलं पोतं, अंड्याचं शिळं भांडं आणि न धुतलेले मोजे एकत्र उकळले तर येईल तसा. मधाच्या रंगाच्या फळ्या कडांनी काळ्या पडल्यात, ओठ सुजावेत तशा सांध्यांवर सुजल्यात. बेसिनपाशी पाय ठेवला की पचक असा आवाज होतो आणि फटीतून काळं पाणी बोटांमध्ये येतं. कोमट असतं गं ते! मी पाय तीनदा साबणाने धुतला आणि तरी तो पाय अंथरुणात घ्यावासा वाटेना. कमोडच्या मागे काल एक छत्री उगवली, पांढुरकी, ओलसर, मान वाकडी करून माझ्याकडे बघणारी. तिच्याखाली रुपेरी किडे.

उद्योगपतींना ओढत आणून दाखवलं. तर म्हणतात की लाकूड जिवंत असतं, ते श्वास घेतंय. मी म्हटलं, श्वास घेतंय तर आधी त्याचे दात घासा. पण बोलून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी. त्या छत्रीला त्यांनी कात्रीने कापलं आणि वर अत्तर शिंपडलं. आता घरात उकिरडा लग्नाला निघाल्यासारखा वास येतो.

आणि आईंसमोर तर मला बोलताच येत नाही. जमिनीबद्दल काही म्हटलं की त्या ताड्कन म्हणतात की मला काही वास येत नाही, छान आहे जमीन, तुझं नाकच मेलं नको तितकं चालतं. लेकाची बाजू घ्यावी, पण इतकी? खरं सांगू का, रागावू नकोस. हल्ली तो वास आईंच्या खोलीतही येतो. आईंच्या जवळ बसलं तरी येतो. मी काही बोलत नाही, पण परवा त्यांनी मला जवळ घेतलं आणि मी नकळत मान वळवली. त्यांच्या लक्षात आलं असेल का, हेच सारखं मनात येतंय.

मी त्या लाकडाला अक्षरशः पाण्यात पाहतेय. लोभ असू दे, नाक मात्र लांब असू दे.

तुझी,
नाकाडी

ता. ५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

आज थट्टा नाही. आईने काल पुन्हा टॉवेल मागितले. मागच्या पार्सलचे काय झाले विचारलं तर कामाला आले म्हणाली आणि फोन ठेवला. शेकायला इतके टॉवेल लागत नाहीत. आणि तू म्हणतेस तुला एकही दिसला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय वहिनी, आणि मी फक्त फळ्यांबद्दल बोलत नाहीय.

तिच्या पलंगाखाली बघ. तिला बाहेर बसवून बघ, तिच्या देखत नको. आणि तू मान वळवलीस म्हणून मी रागावले नाही. पण वास खोलीत कसा गेला, याचा विचार कर.

उत्तर लगेच लिही. लोभाचं नंतर पाहू.

टकळी

ता. १६ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आई बाथरूममध्ये होत्या. मी तशीच त्यांच्या खोलीत गेले आणि पलंगाखाली हात घातला. हाताला लागलं ते थंड, गिळगिळीत. बोचकं ओढलं तर तुझे टॉवेल, ओलेगच्च, काळ्या ठिपक्यांनी भरलेले, एकाला तर केसाळ बुरशी. मी ते तिथेच टाकलं आणि गॅलरीत जाऊन ओकले.

एवढ्यात आईंची हाक आली. दार उघडेना. आमचं दार आत उघडतं हे तुला माहीत आहे. फुगायला फट नव्हती, म्हणून सगळ्या फळ्या मधोमध वर उचलल्या होत्या, पालथ्या परातीसारख्या, आणि दार त्यांना अडकलं होतं. कडी काढूनही हलेना. हे पहार घेऊन धावले. तर आतून आई काय म्हणाल्या असतील? दार हळू तोड, जमिनीला धक्का लागेल, असं म्हणाल्या. यांच्या हातातून पहार गळाली. मग मी उचलली आणि दार फोडलं. दाराबरोबर कडीही उखडून पडली.

आई गुडघ्यांवर होत्या. मोडलेल्या खुब्यानिशी, वन्सं, गुडघ्यांवर! हातात टॉवेल, जमीन पुसत होत्या. त्यांची साबणाची वडी खडखडीत कोरडी, वरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. त्यांनी कित्येक आठवड्यांत अंघोळच केली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, थेंब पडला तर टिपायचा, टॉवेल अंगावरच्या कपड्यात लपवून खोलीत न्यायचा. आम्ही दोघं अंघोळ करून बाहेर आलो की त्या आत जाऊन आमचंही पाणी टिपत होत्या. मी विचारलं असं का केलंत, तर त्यांनी आधी समोरचा थेंब टिपला. मग म्हणाल्या की जमीन गेली की फरशी येणार, फरशी आली की कोणीतरी माझ्याबरोबर आत येणार. म्हणून जमीन टिकवत होते.

मला किळस आली, आणि ती त्या जमिनीची नव्हती. मी त्यांच्यापासून मान वळवली होती गं. त्या वासापासून मान वळवली होती. मी त्यांना तशाच मिठीत घेतलं आणि सोडलं नाही. नाक मेलं काय करायचंय.

मग जमीन उपटली. खालचा फोम म्हणजे भिजलेल्या पावासारखा, पिळला की करडी पेज गळायची, त्यात अळ्या. हे एकेक फळी उचलत होते, रडत होते आणि उलट्या करत होते. मी फळीचा तुकडा घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला की तरंगती म्हणजे खाली न चिकटवता नुसती ठेवलेली. एवढंच. पाण्याशी तिचा संबंध नाही, पाणी तर तिचा काळ. तुमच्या मिस्टरांनी बाथरूमचं नावच काढलं नव्हतं, असंही म्हणाला आणि हसला. एका शब्दापायी सगळ्या कष्टांवर पाणी पडलं, तेही घाण.

आता खरखरीत फरशी येतेय, धरायला दांड्या येताहेत, दार बाहेर उघडणारं करून घेतोय. पण हे घाबरलेत. आई पुन्हा आत अडकल्या तर, या भीतीने म्हणतात की आता कडी नकोच, आणि कोणीतरी आत उभं राहायचंच. आईंनी ऐकून घेतलं. दुपारी जेवताना पाण्याचा ग्लास ओठाला लावला आणि ठेवून दिला.

ते मी पाहिलं, वन्सं. पुढचं मी बघते. लोभ ठेव, मला त्याची आज गरज आहे.

तुझी,
नाकाडी

ता. १० ऑक्टोबर

चि. सौ. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता हे मला पहिल्यापासून माहीत आहे. टॉवेलचं तुझ्या पोटात राहणार नाही, हेही माहीत होतं. पण दुसऱ्या कोणाकडे मागणार? आणि वास येत नाही असं मी म्हणायचे ते खोटं. मला तो सगळ्यांच्या आधी आला. अंगाची शिसारी यायची मला, माझ्याच. पण तुझ्या दादाने गुडघे टेकून टेकून ती जमीन केली होती, त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

आता फरशी आलीय. दिसायला अगदी घाणेरडी, कोंबडीच्या कातडीसारखी खरखरीत, पायाला चावते. चावू दे. तुझ्या वहिनीने तुझ्या दादाला भाजी आणायला पाठवलं आणि स्वतः कडी बसवली. वाकडी बसलीय आणि एक स्क्रू अर्धा बाहेर आहे. तो येऊन बघतो तर काय, म्हणाला की हा उद्योग कोणी केला. ती म्हणाली, उद्योगपतीच्या बायकोने. मग त्याने स्क्रू आत पिळला.

मी रोज कडी लावून एकटी अंघोळ करते. बादलीभर पाणी मनसोक्त ओतते, कोपऱ्यापर्यंत उडवते. बाहेर कोणी आहे का, असं कडी लावल्यावर रोज विचारते. कोणी उत्तर देत नाही. पण दाराशी तुझी वहिनी स्टूल टाकून बसलेली असते. श्वास रोखते वेडी, पण उठताबसता तिचे गुडघे वाजतात, आणि मला एवढ्या बहिरीला ते दारापलीकडून ऐकू येतात. एखाद दिवशी वाजले नाहीत तर मी नळ सोडत नाही, वाजेपर्यंत वाट बघते.

हे तिला कळवू नकोस. कळलं तर ती बसायची थांबेल आणि मग मला कडी लावायची भीती वाटेल.

तू पाणी भरपूर पीत जा. मीही पिते. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई